किती जणांनी पाठवले आणि कोणी पाहिले

फेब्रुवारी २०२५ मध्ये बारामतीचा ऊस जगाच्या चर्चेत आला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसप्रयोगाची चित्रफीत एक्सवर टाकली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सगळेच सुधारेल, अशी प्रतिक्रिया इलॉन मस्क यांनी तिच्यावर दिली. मग ही बातमी मराठी पोर्टलांवर, यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरू लागली. फिरता फिरता तिच्यातले काही शब्द गळाले. ‘चाचणी प्लॉट’ हे त्यांतले पहिले. शेवटी उरले ते एवढेच : एआय वापरले की उसाचे उत्पादन ४० टक्क्यांनी वाढते.

मूळ माहिती बनावट नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस जे प्रसिद्ध केले त्यात चाचणीच्या उसाचे वजन ३० ते ४० टक्के जास्त, साखरेचे प्रमाण २० टक्के जास्त आणि पीक १८ ऐवजी १२ महिन्यांत तयार, असे म्हटले होते. पण ऊस पिकवणाऱ्याला हे वाचून पुढचे प्रश्न पडतात. १८ महिने म्हणजे आडसाली. मग तुलना आडसालीशी आहे की बारा महिन्यांच्या सुरूशी? क्षेत्र किती? जमीन कसदार होती की नीरा कालव्याच्या शेपटाकडची खारवट? वजन प्लॉटमधल्या निवडक उसांचे आहे की कारखान्याच्या काट्यावरचे एकरी टनेज? आणि सांगणारा कोण आहे : तंत्रज्ञान पुरवणारी कंपनी, प्रयोग करणारी संस्था, की स्वतःचे पैसे घालून दुसऱ्या हंगामातही तेच करणारा शेतकरी? २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. अशा तंत्रज्ञानासाठी शेतकऱ्यांच्याही खिशातून पैसे जाणार आहेत. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मिळणे ही प्रयोगाच्या भल्याचीच गोष्ट आहे.

सुरुवातीला मुद्दाम एक चांगली बातमी घेतली. खोट्या बातम्यांची चर्चा निघाली की आपण दंगल, अफवा, फसवणूक यांचाच विचार करतो. पण लोकप्रिय झालेल्या बातमीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न सुखावणाऱ्या बातमीलाही तितकाच लागू आहे. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नावर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी उपाय केले, कायदे झाले आणि न्यायालयांत पडलेही. खोट्या बातम्यांची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. या सगळ्यातून काय हाती आले आणि बारामती, इंदापूरसारख्या तालुक्यांना त्यातले काय उपयोगी पडेल, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मतांची संख्या काय सांगते

२००४ मध्ये डिग आणि २००५ मध्ये रेडिट ही संकेतस्थळे सुरू झाली तेव्हा त्यांच्यामागे एक आकर्षक कल्पना होती. पहिल्या पानावर कोणती बातमी घ्यायची हे संपादकाने ठरवायचे नाही. वाचकांनी मते द्यावीत, जास्त मते मिळतील ती बातमी वर. हजारो डोळ्यांना जे पटले ते एका माणसाच्या निवडीपेक्षा बरे असणार, असा हा विश्वास होता. आज आपल्याकडे फेसबुकचे ‘लाइक’, यूट्यूबचे ‘व्ह्यूज’ आणि व्हॉट्सॲपवरचे ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ हे शब्द त्याच विश्वासावर चालतात. पन्नास ग्रुपांवर आले म्हणजे काहीतरी असणारच, असे माणूस धरून चालतो.

हजार जणांनी एकमेकांचे न ऐकता स्वतंत्रपणे मत दिले असेल तरच त्या विश्वासाला आधार आहे. तसे होत नाही, हे प्रयोगांनी दाखवले आहे. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४ हजारांहून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती, तर काहींना आधी कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तेही दिसत होते. आकडे दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट केले होते आणि त्या आठ गटांत वेगवेगळी गाणी लोकप्रिय झाली. अगदी उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही, अगदी वाईट सहसा वर आले नाही, पण मधल्यांचे काय होईल याचा नेम नव्हता. सुरुवातीला ज्याला चार हात लागले, त्याला पुढे चारशे लागले.

दुसरा प्रयोग थेट बातम्यांच्या संकेतस्थळावरचा आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाचकांच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकले. पुढच्या वाचकाने त्या प्रतिक्रियेला अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटची एकूण गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. एका खोट्या मताचा परिणाम शेवटपर्यंत टिकला. राजकारण, समाज आणि व्यवसाय या विषयांत हा कळपाचा परिणाम विशेष दिसला.

तिसरा अभ्यास सर्वांत मोठा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सोरूश वोसुघी, डेब रॉय आणि अराल यांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागला. हे आपोआप चालणाऱ्या ‘बॉट’ खात्यांमुळे घडले नव्हते. ती खाती वगळूनही फरक तसाच राहिला. खोट्यात नवलाई जास्त असते, ते वाचून आश्चर्य आणि किळस जास्त वाटते, म्हणून माणसेच ते पुढे ढकलतात.

त्यात जुना मानसशास्त्रीय नियमही मिसळतो. एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते जास्त खरे वाटू लागते, हे लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. एकच मजकूर भावकीच्या ग्रुपवर, दूध संकलन केंद्राच्या ग्रुपवर आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, तर वाचणाऱ्याला तीन साक्षीदार भेटल्यासारखे वाटते. साक्षीदार एकही नसतो. एकाच मजकुराच्या तीन प्रती असतात. या लेखाचे सगळे सार याच फरकात आहे. किती जणांनी पाठवले याने विश्वासार्हता ठरत नाही. कोणी पाहिले, आणि त्या पाहणाऱ्यापासून आपल्यापर्यंतची साखळी सलग आहे का, याने ती ठरते.

भीतीची बातमी

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात आधीच फिरत होते. एका लहान मुलीशी बोलल्यावरून संशय घेऊन जमावाने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. मेलेल्यांपैकी बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते, म्हणजे इंदापूरहून पंढरपूर गाठले की पुढचाच तालुका. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी सर्वांत गाजलेली दोन मोटारसायकलस्वारांची होती : गल्लीत खेळणाऱ्या मुलाला ते उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापून उरलेला तुकडा पसरवला गेला. म्हणजे चित्रफीत ‘खरी’ होती, माणसे खरी होती, कॅमेऱ्यात घडलेले खरे होते; खोटे होते ते ठिकाण, काळ आणि हेतू.

राईनपाड्यानंतर आपण शहाणे झालो असे नाही. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती मेले. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवेचे तेही बळी. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा इथे पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी रस्ता विचारला आणि मार खाल्ला. या सगळ्यांत बळी कोण ठरतो ते पाहावे : भटका, भिक्षेकरी, परभाषिक, गावात ज्याला ओळखणारे कोणी नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात, मेंढपाळ येतात. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके वर्षभर अनोळखी माणसांचे यजमान आहेत. त्यामुळे अशी अफवा इथे सर्वांत घातक.

जून २०२४ च्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या पट्ट्यात, रात्री गावांवर ड्रोन घिरट्या घालतात अशी चर्चा पसरली. चोर ड्रोनने टेहळणी करतात आणि मग घरे फोडतात, असे सांगितले जाऊ लागले. गावोगाव लोक रात्र जागवू लागले. तिकडे जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीवरच्या ड्रोनचा विषय विधिमंडळात गाजला. या चर्चेत दोन वेगळी विधाने एकत्र बांधलेली होती. आकाशात दिवे किंवा ड्रोन दिसले, हे एक. ते चोरांचे होते, हे दुसरे. पहिल्याला पाहणारे अनेक साक्षीदार असू शकतात. दुसऱ्यासाठी एखादी चोरी, तिची वेळ, जप्त केलेले ड्रोन, अटक झालेला माणूस असे काहीतरी लागते. पहिल्या विधानाचे साक्षीदार दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाहीत.

डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांची गल्लत इंटरनेटच्या आधीपासून आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी नुसत्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर पोचली. चमच्यातले दूध कमी होताना लाखोंनी पाहिले होते. ते पृष्ठताणामुळे ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिले.

काही अफवा माणसे मारत नाहीत, घर बुडवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो, असे संदेश पसरले. भारतात तेव्हा करोनाचे मोजकेच रुग्ण होते आणि कोंबडीशी त्याचा संबंध असल्याचा काडीचा पुरावा नव्हता. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तोवर मागणी कोसळली होती. किलोमागे ७० रुपयांच्या आसपास उत्पादनखर्च असताना काही ठिकाणी जागेवरचा दर २० रुपयांच्याही खाली गेला. बारामती-इंदापूर पट्ट्यात पोल्ट्री हा शेतीला जोडून चालणारा मोठा व्यवसाय आहे. शेडसाठी कर्ज काढलेले असते, आणि पक्षी ठरलेल्या दिवसांत विकला गेला नाही तर रोज खाद्य खातो. पाठवणाऱ्याने काळजीपोटी, ‘असू दे, सावध राहिलेले बरे’ म्हणून पाठवलेल्या संदेशाची किंमत त्या शेडवाल्याने भरली. सावधगिरी म्हणून पाठवलेला खोटा संदेशही निरुपद्रवी नसतो, हे या प्रकरणाने शिकवले.

आकडा खरा, अर्थ चुकीचा

निखळ खोट्यापेक्षा अर्धवट खरे ओळखणे अवघड असते, आणि आपल्या भागात त्याची उदाहरणे दर हंगामात मिळतात.

उजनीचेच घ्या. ‘उजनी उणे ६० टक्के’ असा संदेश २०२४ च्या उन्हाळ्यात फिरला. आकडा जवळजवळ बरोबर होता. पण शून्याखाली गेले म्हणजे धरण कोरडे पडले, असा अर्थ बाहेरच्या वाचकाने काढला तर तो चुकतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्याची काढतात. उणे ६० म्हणजे मृत साठ्यातले साधारण ३२ टीएमसी उचलले गेले. गाळ धरून ३१ टीएमसीच्या वर अजून धरणात होते. परिस्थिती गंभीर होतीच, पण ‘पाणीच नाही’ आणि ‘मृत साठ्यातून उपसा चालू आहे’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीने माणूस हताश होतो. दुसरीने तो विचारतो की हे पाणी कोण उचलते आणि वाटप कोणी ठरवले.

पाणी असे खाली गेले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिर उघडे पडते. २०२४ मध्ये ते दिसले आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे झाली. अशी छायाचित्रे पुढच्या कोणत्याही वर्षी ‘आजची’ म्हणून फिरू शकतात. पुराच्या, धरणाच्या दरवाजांच्या, बिबट्याच्या चित्रफितींचे नेहमी हेच होते. छायाचित्र खरे आहे का, याच्याबरोबरच ते कधीचे आहे, हे विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

उसाच्या दराचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. ‘उसाला टनामागे ३,५५० रुपये जाहीर’ असे त्याचे शीर्षक झाले. हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला आहे, आणि हातात पडणाऱ्या रकमेतून तोडणी-वाहतूक वजा होते. सभासदाला हे पाठ असते. तो शीर्षक वाचून थांबत नाही. कारखान्याचा उतारा किती, तोडणी-वाहतूक किती, पहिली उचल किती, हे विचारतो. हाच माणूस मुले पळवणाऱ्यांच्या संदेशाला मात्र एकही प्रश्न विचारत नाही. म्हणजे तपासण्याची बुद्धी त्याच्याकडे नाही असे म्हणता येत नाही. पैशाच्या बाबतीत ती जागी राहते, भीतीच्या आणि अभिमानाच्या बाबतीत झोपते. काट्यावर वजन झाल्याशिवाय ट्रॉलीभर उसाचे बिल निघत नाही. तसे बातमीचेही वजन झाल्याशिवाय ती पुढे जाऊ नये.

निवडणुकीचा काळ

बारामती हे नाव राज्याच्या राजकारणात इतके वजनदार आहे की इथली किरकोळ घटनाही राज्यभर पसरते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे मतदान इथे ७ मे रोजी झाले. १३ मे रोजी सुप्रिया सुळे यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली : मतदान यंत्रे ठेवलेल्या पुण्यातल्या गोदामाचे सीसीटीव्ही ४५ मिनिटे बंद होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी खुलासा केला की विद्युत कामासाठी केबल काढल्याने पडद्यावरचे दृश्य थांबले होते, कॅमेऱ्यांचे चित्रण चालू होते.

इथे तक्रार करणारी उमेदवार नाव लावून पुढे आली, वेळ आणि ठिकाण सांगितले. उत्तर देणारा अधिकारीही नाव आणि कारण घेऊन समोर आला. नागरिकाला दोन्ही बाजू तोलता आल्या आणि पुढचा प्रश्नही कळला : त्या ४५ मिनिटांचे चित्रण पाहायला मिळते का? पडदा बंद होता हे एक विधान, यंत्रांशी छेडछाड झाली हे फार पुढचे विधान. पहिले दोन्ही बाजूंना मान्य होते. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागला असता. अशा दाव्यांच्या बाबतीत आपला पक्ष कोणता, हे विसरून हेच दोन भाग पाडता आले पाहिजेत. ज्या बातमीने आपल्याला आनंद होतो तिच्याकडे जास्त कडक नजरेने पाहावे, हा नियम निवडणुकीत सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचा आहे.

यंत्र, कंपनी आणि कायदा

हे काम यंत्राला देता येईल का? कार्लोस कास्तिय्यो, मार्सेलो मेंडोझा आणि बार्बरा पोब्लेते यांनी २०११ मध्ये हैदराबादच्या जागतिक वेब परिषदेत एक निबंध मांडला. ट्विटरवरच्या बातमीचा मजकूर, लिहिणाऱ्याचा पूर्वेतिहास, दुवे आणि ती कशी पसरली यावरून ती विश्वासार्ह आहे का, हे संगणकाने ७० ते ८० टक्के अचूकतेने ओळखले. जुने, सक्रिय खाते आणि मूळ स्रोताचा दुवा या गोष्टी खऱ्या बातमीच्या बाजूने पडत होत्या. हा पाया मोलाचा ठरला. पण चार-पाच बातम्यांत एक चुकणे म्हणजे राईनपाड्यासारख्या ठिकाणी फार मोठी चूक. शिवाय व्हॉट्सॲपवरचे संदेश कूटबद्ध असतात. तिथे मजकूर वाचणारे यंत्र पोचत नाही.

म्हणून तिथे वेगावर उपाय झाला. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. वेग कमी झाला, हे खरे यश. पण ज्याला पसरवायचेच आहे तो मजकूर नक्कल करून नवा म्हणून टाकतो आणि खूण पुसली जाते.

एक्सवरच्या ‘कम्युनिटी नोट्स’मधली कल्पना वेगळी आहे. एरवी ज्यांची मते जुळत नाहीत अशा लोकांना एखादी टीप उपयुक्त वाटली तरच ती दिसते. केवळ संख्या न मोजता विरोधकांची सहमती मोजणे, ही मतमोजणीतली मोठी सुधारणा आहे. तिची अडचण वेळेची : सहमती होईपर्यंत बातमी गावभर झालेली असते. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज या संस्था मराठीतही पडताळणी करतात. त्यांचे काम चांगले आहे, पण राज्य आणि देश पातळीवरच्या दाव्यांचे. निमगाव केतकीच्या बाजारात काय घडले, हे मुंबई-दिल्लीतल्या पडताळणीकाराला कळणार नाही.

कायद्याचा अनुभव दुहेरी आहे. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकारातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. पुढे केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीची बातमी खोटी आहे का हे ठरवण्यासाठी स्वतःचाच पडताळणी कक्ष नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच खरे-खोटे ठरवावे, हे न्यायालयाने मान्य केले नाही. भीती किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या विधानांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ आहेच. पण शिक्षा घटनेनंतर होते. राईनपाड्याच्या निकालाला साडेपाच वर्षे लागली.

शिकवून येते का

माणसाला बातमी तपासायला शिकवणे हा तिसरा मार्ग. त्याचे निकाल संमिश्र आहेत आणि ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर प्रशिक्षण दिले. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. एका भाषणाने, एका पत्रकाने माणूस बदलत नाही. पुढे त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच सुमारे १३,५०० शाळकरी मुलांसाठी गावच्या ग्रंथालयांत कित्येक आठवड्यांचे वर्ग घेतले. या वेळी परिणाम दिसला, काही महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांकडून पालकांपर्यंत गेला. केरळात कन्नूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी गोवर-रुबेला लसीच्या अफवांचा अनुभव आल्यावर २०१८ मध्ये सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ वर्ग सुरू केले होते.

शिकवायचे काय, हेही आता बरेच स्पष्ट आहे. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक पडताळणीकार यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर थांबून भाषा, मांडणी, बोधचिन्ह बघत राहिले आणि फसले. पडताळणीकारांनी काही क्षणांतच ते पान सोडले आणि त्याच्याबद्दल इतर कोण काय सांगते ते शोधले. व्हॉट्सॲपवरच्या संदेशातली शुद्ध भाषा, अशोकस्तंभाचे चित्र, ‘डॉक्टरांनी सांगितले’ हे शब्द निरखत बसण्यात अर्थ नाही. संदेशाबाहेर पडून विचारावे लागते.

बारामती-इंदापुरात काय करता येईल

बाहेर पडून कोणाला विचारायचे, याचे उत्तर मोठ्या शहरापेक्षा तालुक्यात सोपे आहे. इथे मूळ साक्षीदार हाकेच्या अंतरावर असतो. गावात अनोळखी टोळी आल्याची बातमी असेल तर पोलीस पाटील आणि ठाण्याचा अंमलदार. पिकाचा दावा असेल तर कृषी विज्ञान केंद्र आणि त्या प्लॉटचा शेतकरी. धरणाचा आकडा असेल तर जलसंपदा विभागाची रोजची नोंद. दराचा असेल तर कारखान्याचे कार्यालय. लसीचा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई. ‘पीएम किसान’ किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने एपीके फाइल आली असेल तर ती उघडण्याआधी बँकेत किंवा सेवा केंद्रात विचारणे.

संदेशयंत्रणा विश्वासार्ह कशी करता येते, याचा नमुनाही पुणे जिल्ह्यात आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणेत चोरी, आग, बिबट्या, अपघात अशा संकटात गावकरी ठरलेल्या क्रमांकावर फोन करून स्वतःच्या आवाजात माहिती देतो आणि ती त्या गावातल्या नोंदणी केलेल्या फोनांवर तत्काळ ऐकू जाते. सांगणाऱ्याची ओळख राहते, घटना आणि ठिकाण सांगावे लागते, आणि ऐकणारे त्या घटनेच्या जवळचे, म्हणून लगेच खात्री करू शकणारे असतात. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमध्ये या तिन्ही गोष्टी नसतात. गावच्या ग्रुपचे प्रशासक हाच नियम उद्यापासून लावू शकतात : गावाला इशारा देणारा कोणताही संदेश टाकणाऱ्याने मी पाहिले की मला कोणी सांगितले, कधी आणि कुठे, हे लिहायचे. नसेल तर संदेश काढायचा.

तालुक्याच्या पत्रकारांवर याहून मोठी जबाबदारी आहे. अनेक छोटी पोर्टले आणि यूट्यूब वाहिन्या ‘व्हायरल होत आहे’ हीच बातमी करतात. संदेश फिरतो आहे, हे सांगून ते त्याला आणखी फिरवतात. बातमीदाराचे काम तिथून सुरू होते : फोन करणे, जागेवर जाणे, आणि खोटे निघाले तर तेही तितक्याच ठळकपणे छापणे. ज्या वार्ताहराला तालुका नावाने ओळखतो, त्याचा एक ‘असे काही घडलेले नाही’ हा शब्द दिल्लीच्या पडताळणीपेक्षा इथे जास्त चालतो.

शाळांनी एका दिवसाच्या व्याख्यानावर थांबू नये. बारामतीत शिक्षणसंस्थांची कमतरता नाही. आठवी ते बारावीच्या मुलांनी सलग दोन-तीन महिने, आठवड्याला एक तास, घरच्या ग्रुपवर आलेला एक संदेश आणावा, त्याचे भाग पाडावेत, पाहणारा माणूस शोधावा, तारीख काढावी आणि निष्कर्ष घरी सांगावा. बिहारच्या ग्रंथालयांत जे जमले ते इथे जमू नये असे काही नाही.

सगळे तपासल्यावरही काही बातम्या अनिर्णीत राहतील. तेव्हा ‘अजून कळलेले नाही’ असे म्हणून थांबता येणे हाही शहाणपणाचा भाग आहे. चार तास थांबल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे क्वचितच ऐकिवात येते. राईनपाड्यात ग्रामपंचायतीचे दार बंद झाल्यावर कोणी एकाने मंगळवेढ्याला फोन केला असता, तर ते पाच जण कोण आहेत हे काही मिनिटांत कळले असते. फोन तर त्या जमावातल्या कित्येकांच्या हातात होते. ते फॉरवर्ड करण्यासाठी वापरले गेले, विचारण्यासाठी नाही. ही सवय बदलण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, कायदाही लागत नाही. पुढे पाठवण्याआधी एका माणसाला विचारणे, एवढेच प्रत्येकाने स्वतःवर घालून घेतले, तर पुढच्या भिक्षेकऱ्याचा जीव वाचेल, पुढच्या पोल्ट्रीवाल्याचे शेड वाचेल आणि बारामतीच्या उसाच्या प्रयोगालाही त्याच्या खऱ्या उत्पन्नाइतका मान मिळेल.